हुनर आणि हात : वाळूतला झारा



मागच्या अंकातील कुलपांच्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांची उत्तरे सवडीने देईन, इन्शाअल्लाह. आज जरा लांबच्या किनाऱ्यावरची गोष्ट सांगतो.

माझा भाचा गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये लँकेशायर भागात राहतो. गेल्या उन्हाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे होतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरण्याचा छंद पुष्कळांना आहे. कानाला हेडफोन लावायचा, यंत्राची तबकडी वाळूवरून फिरवायची आणि आवाज आला की खणायचे. सापडतात बहुतेक बाटल्यांची झाकणे, मासेमारीचे गळ आणि चिल्लर. क्वचित दागिनाही हाती लागतो. भाच्यालाही हा नाद लागला होता.

मी पोहोचलो तेव्हा तो गप्प गप्प होता. दोन दिवसांनी म्हणाला, "मामू, माझ्याकडून एक चूक झालीय." एका वृद्ध बाईची लग्नाची अंगठी वाळूत पडली होती. तिच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. याने दोन तास शोधून अंगठी काढून दिली. पण खणायला नेले होते बागकामाचे सरळ फावडे, पायाने दाबून जमिनीत घालतात ते. त्याची धारदार कड नेमकी अंगठीवर बसली. पातळ कडे वाकले आणि त्यावर खोल खाच पडली. बाईने आभार मानले, पण घरी जाईपर्यंत ती त्या खाचेवरून अंगठा फिरवत होती. भाचा म्हणाला, "मामू, ती काही बोलली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं."

त्यानंतर त्याने वाळूसाठीचा तयार स्कूप मागवला होता. स्कूप म्हणजे लांब दांड्याचा, भोकाभोकांचा स्टीलचा डबा. आपल्या स्वयंपाकघरातला झारा डोळ्यांसमोर आणा. झारा तेल गाळून भजी वर आणतो, हा वाळू गाळून वस्तू वर ठेवतो. पण स्वस्तातला असल्याने त्यात दोष होते. मी चाळीस वर्षे फिटरचे काम केले आहे. म्हटले, "आण बाबा इकडे, बघू."

पहिला दोष कडेचा. पुढच्या कडेला करवतीसारखे दात होते. मुळे असलेल्या जमिनीत दात उपयोगी पडतात, पण किनाऱ्यावर कापायचे असते काय? ओली वाळू तशीच फुटते. दात ग्राइंडरने उतरवले, कडेला अर्धगोल आकार दिला आणि कानस मारून ती बोथट केली. मग जुन्या सुती कापडाचा तुकडा कडेवरून ओढून पाहिला. धागा अडकला की पुन्हा कानस. कापड सुळकन सरकेपर्यंत हेच चालू ठेवले. जिथे धागा अडकतो तिथे सोनेही खरवडते.

दुसरा दोष भोकांचा. भोके सहा मिलिमीटरची आणि मोजकीच होती. कोरडी वाळू त्यातून गळे, पण ओली वाळू चिखलासारखी बसून राही. ती दहा मिलिमीटरची केली. अंगठीचा बाहेरचा व्यास साधारण वीस मिलिमीटर आणि तिकडचे पाच पेन्सचे नाणे अठराचे. दोन्ही अशा भोकातून निसटत नाहीत. कानातली बारीक कुडी मात्र निसटेल. तिच्यासाठी कोरड्या वाळूत बारीक जाळीची चाळणच हवी.

स्टेनलेस स्टीलला भोक पाडताना घाई केली तर पत्रा तापून आणखी कडक होतो आणि ड्रिल बिट नुसते घासत राहते. म्हणून फेरे कमी, दाब भरपूर आणि तेल सतत. पातळ पत्र्यातले भोक मोठे करायला साधे बिट वापरू नका. ते पत्र्यात अडकून हिसका देते. पायऱ्यांचे स्टेप ड्रिल घ्या, आतून लाकडी ठोकळा लावा आणि काम शिकंजात घट्ट धरा. डोळ्यांवर चष्मा हवा, पण ड्रिलवर हातमोजे नकोत, फिरते बिट मोजा ओढून घेते. दोन भोकांमध्ये निदान एका भोकाएवढा पत्रा ठेवा आणि पुढच्या कडेपासून चार सेंटिमीटरपर्यंत एकही भोक पाडू नका. ताण तिथेच येतो. प्रत्येक भोकाची आतली-बाहेरची बर काढली तेव्हा कुठे निम्मे काम झाले.

तिसरा दोष जोडाचा. डबा स्टेनलेस, पण बोल्ट साध्या लोखंडाचे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला हलका धातू लवकर झिजतो. बोल्ट तांबेरून गेले होते. ते काढून ३१६ जातीच्या स्टेनलेसचे बसवले. या जातीत मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ती मिठापुढे ३०४ पेक्षा जास्त टिकते. नट नायलॉनच्या कड्याचे घेतले, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाहीत.

चौथी गोष्ट दांड्याची. भाचा सहा फुटी आणि दांडा आखूड, म्हणून प्रत्येक खड्ड्याला कंबर वाकत होती. स्कूप वाळूत उभा केल्यावर दांड्याचे टोक कमरेच्या थोडे वर यायला हवे. तेवढी स्टीलची नळी घातली आणि वाळू-पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडाला बूच लावले. पकडीसाठी क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवली. ओल्या हातातूनही ती सुटत नाही. डब्याच्या पाठीमागे बूट मावेल एवढी पट्टी ओळखीच्या वेल्डरकडून बसवून घेतली. आता जोर पाठीऐवजी पायाचा लागतो.

अवजार सुधारले, पण खणण्याची रीतही बदलावी लागली. आवाज जिथे येतो तिथेच स्कूप खुपसायचा नाही. एक वीतभर मागून तिरका घालायचा आणि खालून उचलायचा. उचललेली वाळू डिटेक्टरवरून फिरवून वस्तू डब्यात आली की खड्ड्यातच आहे, ते पाहायचे. वेळ फार लावायचा नाही. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, तर वाळूचे कण जेमतेम अडीचपट. ओल्या वाळूत ढवळाढवळ झाली की अंगठी खाली खाली जाते. आणि स्कूप तबकडीपासून लांब ठेवा, नाहीतर यंत्र त्यालाच पाहून ओरडते. निघताना खड्डा बुजवायचा, सापडलेला कचरा आपल्याबरोबर न्यायचा. घरी आल्यावर स्कूप गोड्या पाण्याने धुऊन पुसायचा.

एका बाबतीत मी भाच्याला मामूच्या अधिकाराने दरडावले. भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. तिथून जवळच मोरेकंबची खाडी आहे. उधाणाला तिथे पाणी दहा मीटरच्या आसपास चढते आणि वाळूत दलदलीही आहेत. फेब्रुवारी २००४ मध्ये तिथे रात्री शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. कोणताही छंद जिवापेक्षा मोठा नाही.

कायदाही माहीत हवा. किनारा कुणाच्या मालकीचा आहे, परवानगी लागते का, हे आधी विचारायचे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे जुना खजिना सापडल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. बुडालेल्या जहाजाची वस्तू मिळाल्यास २८ दिवसांत. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कोकणातील तरुणांनी यंत्र विकत घेण्याआधी हे वाचावे, आणि संरक्षित किल्ल्यांच्या आसपास तर खणूच नये.

आणि कालपरवा हरवलेली वस्तू मिळाली तर? ती लुकता. हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्या हदीसमध्ये रीत स्पष्ट सांगितली आहे. वस्तूची पिशवी आणि बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवावी, वर्षभर पुकारा करावा, आणि त्यानंतरही मालक आला तर त्याची वस्तू त्याला द्यावी. पिशवी-दोरी ओळखण्यामागचा व्यवहार बघा. खूण आपल्याजवळ ठेवायची, म्हणजे खरा मालक कोण ते पारखता येते.

परत येण्याच्या आदल्या आठवड्यात फजरनंतर आम्ही दोघे ओहोटीला गेलो. झाकणे निघाली, चार नाणी निघाली, आणि मग एक सोन्याचे कडे. आतल्या बाजूला दोन अक्षरे आणि एक तारीख कोरलेली. भाच्याने ते उन्हात धरून चारी बाजूंनी फिरवले. ओरखडा एकही नव्हता. तो काही बोलला नाही, स्कूपच्या कडेवरून हात मात्र फिरवला.

त्याने किनाऱ्यावरच्या कार्यालयात नोंद केली, आसपासच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीत लिहिले, "अंगठी सापडली आहे." अक्षरे आणि तारीख लिहिली नाही, ती मालकाने सांगायची. परवा फोनवर विचारले, तर आतापर्यंत तिघे येऊन गेले होते आणि तिघांनाही अक्षरे सांगता आली नव्हती. अंगठी लिफाफ्यात कपाटात आहे. वर्ष पुरे व्हायला अजून सात महिने आहेत.

पुढच्या अंकात घरची विळी आणि कात्री यांना धार कशी लावावी ते पाहू, इन्शाअल्लाह.