विंचूकाट्याचा एकच फोटो

लोहगडाच्या विंचूकाट्याचे, म्हणजे गडाच्या लांबट सोंडेचे, पावसाळ्यातले फोटो सध्या जिकडेतिकडे दिसतात, आणि बहुतेकांत गवत रेडियमसारखं चमकतं. मला याचं वाईट वाटतं, कारण त्याच एका फाइलमध्ये कितीतरी चित्रं दडलेली असतात. 14 बिटची रॉ फाइल प्रत्येक पिक्सेलमागे 16,384 पातळ्या नोंदवू शकते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 उरतात. म्हणूनच पांढरंफटक वाटणारं आभाळ रॉमध्ये पुष्कळदा सावरता येतं. सॅच्युरेशनला हात न लावता नुसते हायलाइट खाली आणा, ढगांचे थर सुटे होतात आणि सोंडेवरची तटबंदी उठून दिसते. मग तीच फाइल कृष्णधवल करून हिरव्या रंगाची उजळता कमी करा: गवत काळवंडतं, ओला कातळ पुढे येतो, गड एकदम करारी दिसतो. हिरवा उजळला, की तोच डोंगर मवाळ. चौकट आडव्या पट्टीसारखी कापली तर विंचूकाटा लांबच लांब पसरतो, उभी कापली तर दरी खोल जाते. डीहेझ मात्र जपून वापरा. धुकंच पुसलं तर मावळातला श्रावण उरला कुठे? छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1941 साली टिपलेल्या ‘मूनराइझ’च्या प्रती पुढे कित्येक वर्षं नव्याने छापल्या, आभाळ अधिकाधिक गडद करत, निगेटिव्ह तीच. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या गडासाठी आपणही थोडा वेळ काढूया. मूळ फाइल तेवढी जपून ठेवा.