फावला वेळ : चोविसाव्या हिश्शाच्या मोटारी

एकाच मोटारीच्या प्रतिकृतीचे दोन संच दुकानांत शेजारीं शेजारीं मांडलेले असतात. दोहोंवर तीच मोटार, तेंच प्रमाण. किंमतींत मात्र मोठी तफावत. परीक्षेंत चांगले गुण मिळविलेल्या मुलास बक्षीस म्हणून यांतील कोणता घ्यावा, हा प्रश्न घरोघरच्या काका-मामांपुढें उभा राहतो. आणि ते बिचारे पेटींतील तुकड्यांची संख्या विचारून जो अधिक भरगच्च असेल तो उचलतात. धान्य मापून घेण्याची ही रीत येथें उपयोगाची नाहीं. शंभर तुकड्यांचा संच दोनशें तुकड्यांच्या संचाहून सरस असूं शकतो, व पुष्कळदां असतोही.

ह्या खेपेस आम्ही जुन्या जपानी स्पोर्ट्स मोटारींचे संच विचारासाठीं घेतले आहेत. ह्या मोटारी १९६५ ते १९७३ ह्या थोड्या वर्षांतील, म्हणून तुलनेस सोयीच्या. शिवाय त्यांतील कांहीं इतक्या मोजक्या निघाल्या कीं, जगांतील बहुतेक माणसांना त्यांची ओळख प्रतिकृतीवरूनच व्हावयाची. टोयोटा २००० जीटी ह्या मोटारीच्या गाड्या नमुन्यादाखलच्या धरूनही साडेतीनशेंच्या आसपासच झाल्या, आणि २०१३ सालीं त्यांतील एक लिलावांत दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. अशा गाडीचें छप्पर संच करणारानें बिघडविलें, तर तें बिघडलेलें छप्परच पुढच्या पिढीस खरें वाटूं लागेल. तेव्हां हा केवळ मुलांच्या खेळाचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

हे संच करणारीं बहुतेक नामांकित घराणीं जपानच्या एकाच प्रांतांतील, शिझुओका येथील आहेत. आओशिमा १९२४ पासूनचें, हासेगावा १९४१ पासूनचें. फुजिमी व तामिया त्यानंतरचीं. एकाच मुलुखांत ही विद्या कां रुजली, याचें कारण लांकडांत सांपडतें. तेथील किल्ल्याच्या व सेंगेन देवस्थानाच्या बांधकामाकरितां आणविलेले सुतार व लाखकाम करणारे कारागीर त्याच गांवीं राहिले, आणि त्यांच्या वंशजांचे हात पुढें खेळण्यांकडे वळले. तामियांचा मूळ धंदा इमारती लांकडाचा; युद्धानंतर त्यांनीं लांकडी प्रतिकृति करावयास घेतल्या, आणि १९६० सालीं ‘यामातो’ युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिकचा संच काढला. त्यांत त्यांना नुकसान सोसावें लागलें. पण चिकाटी अशी कीं, १९७६ सालीं निघालेल्या पोर्शे ९३४ च्या संचासाठीं शुन्साकू तामिया यांनीं खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा एकेक भाग सुटा करविला. लहान वस्तु नीट करावयाची तर मोठी वस्तु आधीं हातांखालून जावी लागते, हें ज्यांना कळलें त्यांच्या संचांत व छायाचित्रें पाहून केलेल्या संचांत जो फरक पडतो, तो पेटीवरील सुंदर चित्रावरून मुळींच कळत नाहीं.

जुन्या संचांविषयीं एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. एके काळीं जपानी मुलांना जमिनीवर धांवणारी मोटार हवी असे, म्हणून संचांत विजेचें लहानसें यंत्र व बॅटरीची पेटी यांना जागा ठेवीत. त्यामुळें गाडीचा तळ वर उचलला जाई व आंतल्या बैठकी परातींत मांडल्यासारख्या उथळ दिसत. हे सांचे फार वर्षें वापरांत राहिले, आणि त्यांतून निघालेले संच नव्या पेटींत घालून पुन्हां विकले जातात. आंतील बैठक पाहिली कीं सांच्याचें वय कळतें. घोड्याचें दांत पाहून सांगावें तसें.

आतां मुख्य मुद्दा. चोविसांश म्हणजे प्रत्येक माप चोविसानें भागावयाचें, इतकें सोपें गणित असतें तर सर्वच संच सारखे झाले असते. पण खऱ्या मोटारीची समोरची कांच सुमारें सहा मिलिमीटर जाड. तिचा चोविसावा हिस्सा पाव मिलिमीटर. संचांतील पारदर्शक तुकडा बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे खऱ्या मापानें चोवीस मिलिमीटर : बँकेच्या खजिन्याला बसवावी अशी कांच. रंगाचेंही तसेंच. खऱ्या गाडीवरील सारे थर मिळून मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरतात. आपण अस्तर, रंग व वार्निश मिळून तेवढाच थर प्रतिकृतीवर चढविला, तर प्रमाणानें तो अडीच मिलिमीटरांचा झाला! दाराभोंवतींची खरी फट चार-पांच मिलिमीटर, प्रतिकृतींत ०·२. दोन्ही कडांवर रंग बसला कीं ती बुजलीच. म्हणून जाणता संचकार ही फट मापापेक्षां रुंद व खोल कोरतो, आणि हिशेबाचा पक्का पण दृष्टीचा कच्चा असा संचकार ती बरोबर मापाची ठेवून मुलाच्या हातीं बिनदाराची गाडी देतो. हें मापांतील अंतर म्हणजे लबाडी नव्हे. मूर्तिकार उंचावर बसवावयाच्या मूर्तीचें मुख किंचित् मोठें घडवितो, त्यांतलाच हा प्रकार.

मग तुलना कशी करावी? उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारें १६८ सेंटिमीटरांवर असतात. त्याचा चोविसावा हिस्सा सात सेंटिमीटर. पांच मीटरांवरून आपण मोटार पाहतों, त्याचे झाले एकवीस सेंटिमीटर. तेव्हां जुळविलेलें कवच टेबलावर ठेवून, हनुवटी टेबलाला टेकून, एक डोळा मिटून वीतभर अंतरावरून पाहावें. वरून पाहिलें तर प्रत्येक मोटार साबणाच्या वडीसारखीच दिसते. असें पाहून मग एकच प्रश्न विचारावा : ह्या गाडीचा जीव कशांत होता, आणि तो येथें उतरला आहे काय?

२००० जीटीचा जीव तिच्या रेषेंत होता. सातोरु नोझाकी यांनीं ती आंखली. १९६५ च्या तोक्यो प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, व यामाहाच्या साह्यानें १९६७ ते १९७० पर्यंत ती तयार होत होती. यामाहा म्हणजे तेच पियानो करणारे. गाडींतील लांकडी फळीही त्यांच्याच वाद्यकामाच्या हाताची. १९६६ सालीं याताबे येथील वर्तुळमार्गावर रात्रंदिवस पळवून तिनें तासीं २०६ किलोमीटरांच्या सरासरीनें जागतिक विक्रम केले. परंतु आज तिचें नांव निघतें तें तिच्या लांब नाकामुळें व काचेच्या माथ्यापासून शेपटीपर्यंत एका श्वासांत उतरणाऱ्या छपरामुळें. खऱ्या गाडीची उंची ११६ सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतींत ४८ मिलिमीटर. येथें दोन मिलिमीटर वाढले तर ती कोणाचीही गाडी होऊं शकते. हासेगावाच्या संचाला आम्ही झुकतें माप देतों तें ह्याच कारणानें. त्याचें इंजिन उघडून दाखवितां येत नाहीं, ही तक्रार मुलें करतील. पण छप्पर जेथें वळावयास हवें तेथेंच वळलें आहे. पुढच्या चाकांमागें दोन्ही बाजूंस झांकणांच्या रेषा आहेत, त्या लांबी भरतांना बुजवूं नयेत. त्या शोभेच्या नव्हेत. एकीमागें बॅटरी व दुसरीमागें हवा गाळण्याचें साधन असे.

ही गाडी पांढऱ्या रंगांत शोभते, आणि पांढराच रंग सर्वांत कठीण. पातळ प्लॅस्टिकमधून उजेड आरपार जातो व गाडी मेणाची वाटूं लागते. त्याकरितां आंतून करडा किंवा काळा हात द्यावा, बाहेरून फिकट करडें अस्तर, आणि मग पांढरा रंग तीन-चार पातळ फवाऱ्यांनीं. एकदम जाड फवारा मारला कीं पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, व मग कांचकागद पाण्यांत भिजवून घांसत बसावें लागतें. अस्तरापूर्वीं कवच साबणाच्या पाण्यानें धुवावें, कारण सांच्याचें तेल त्याला लागलेलें असतें. आणि धुतल्यावर त्यास उघड्या बोटांनीं शिवूं नये. ज्यांनीं आजीचें सोवळें पाहिलें आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं. फवारा व चिकटविण्याचा द्राव हीं दोन्ही भडका घेणारीं द्रव्यें आहेत. तीं स्वयंपाकघरांत वा देवघरांतील निरांजनाजवळ वापरूं नयेत. गच्चींत किंवा उघड्या खिडकीशीं वापरावीं, हें मात्र वडील मंडळींनीं जातीनें पाहावें.

माझ्दाच्या कॉस्मो स्पोर्टची गोष्ट अगदीं उलट. तिचा जीव इंजिनांत. जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून परवाना घेऊन हिरोशिमा येथें केनिची यामामोतो व त्यांचे सहकारी कित्येक वर्षें एका फिरत्या त्रिकोणाच्या मागें लागले होते. ह्या इंजिनांत वरखालीं होणारे दट्टे नाहींत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी लोहखंड आपल्या कोठडींत गरगर फिरतो, आणि त्याच्या टोंकांवरील पट्ट्या कोठडीच्या भिंतीवर ओरखडे काढीत. ते ओरखडे थांबविण्यांतच सारें आयुष्य खर्ची पडतें कीं काय, अशी वेळ आली होती. शेवटीं १९६७ च्या मेमध्यें गाडी बाजारांत आली, व १९७२ पर्यंत सारी मिळून ११७६ निघाली. आणि हासेगावाच्या संचांत हें इंजिनच नाहीं! प्रथम हें वाचून मन खट्टू होतें. परंतु गाडी बाजूनें पाहावी. तें इंजिन एवढेंसें होतें म्हणूनच नाक इतकें खालीं उतरवितां आलें. आंतील वस्तु न दाखवितां तिची खूण बाहेरच्या रेषेंत राहिली आहे, आणि संचांत ती नीट उतरली आहे. एवढें मात्र पाहावें कीं, १९६८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तींत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १५ सेंटिमीटरांनीं वाढलें; चोविसांशांत सव्वा सहा मिलिमीटर. पहिल्या आवृत्तीचें छायाचित्र समोर ठेवून दुसरीचा संच जुळविणारास कोठें बिनसलें तेंच कळत नाहीं.

निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आरला जपानी लोक ‘हाकोसुका’ म्हणतात. हाको म्हणजे पेटी. पेटीच ती, आणि तिला गोंडस करूं पाहणारा संच टाकाऊ समजावा. १९६९ ची चार दारांची व १९७० ची दोन दारांची, यांतील चाकांच्या अंतराचा फरक प्रतिकृतींत जेमतेम तीन मिलिमीटर. ओळखीची खूण एकच : बाजूच्या पत्र्यावर एक ठसठशीत घडी पुढून मागें जाते, आणि जीटी-आरमध्यें मागच्या चाकासाठीं पत्रा कापल्यामुळें ती मध्येंच तुटते. शर्यतीच्या रुंद चाकांना जागा हवी होती, म्हणून सुरेख रेष निःसंकोचपणें तोडली. ही घडी सांच्यांतच बोथट असेल तर कितीही तुकडे असोत, तो संच परत करावा. हिचे संच एकाहून अधिक घराण्यांनीं काढले आहेत, तेव्हां निवडीस वाव आहे.

उरली फेअरलेडी झेड, परदेशांतील डॅटसन २४० झेड. १९६९ च्या अखेरीस निघालेली ही गाडी वरील तिघींच्या मानानें अफाट खपली. तामियांनीं तिची २४० झेड-जी ही जात चोविसांशांत व बारांशांतही दिली आहे. बारांशांतील गाडी हातभर नसली तरी वीत-दीडवीत भरते, तिचें इंजिन उघडून पाहतां येतें, आणि ज्या घरांत दोन-तीन भावंडांना एकत्र बसावयाचें आहे तेथें ती अधिक बरी. कारण एकानें इंजिन, दुसऱ्यानें बैठकी अशी वांटणी होते व भांडणें कमी होतात. मात्र झेड-जीचें लांबविलेलें नाक हें जपानांतील गाड्यांचें. साध्या झेडहून ती १९ सेंटिमीटरांनीं लांब, चोविसांशांत आठ मिलिमीटर.

हें सांगण्याचें कारण असें कीं, पुष्कळ मुलांना ह्या संचांतून पूर्व आफ्रिकेच्या सफारी शर्यतींतील गाडी करावयाची असते. १९७१ सालीं एडगर हेरमान व हान्स शुलर यांनीं २४० झेड घेऊन ती शर्यत जिंकली. १९७३ सालीं ती जिंकली शेखर मेहता यांनीं. मेहता हे युगांडांत जन्मलेले, गुजराती घराण्यांतील. १९७२ च्या हकालपट्टींत त्यांच्या कुटुंबाला तो देश सोडून केनियांत यावें लागलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं हा विजय मिळविला. पुढें १९७९ ते १९८२ अशीं लागोपाठ चार वर्षें त्यांनीं तीच शर्यत जिंकली. त्यांच्या त्या झेडला लांब नाक नव्हतें. झेड-जीच्या संचावर सफारीचे आंकडे चिकटविले तर गाडी देखणी होईल, पण मेहतांची होणार नाहीं. त्यासाठीं साध्या नाकाचाच संच शोधावा, चाकांवरील जोडपत्रे गाळावे, आणि रंग वाळल्यावर, निदान आठवड्यानें, खालच्या अंगास तांबडी माती लावावी. कोंकणांतल्या अंगणांतील चालते. ती वस्त्रगाळ करून घ्यावी, कारण चोविसांशांत वाळूचा साधा कणही सुपारीएवढा दिसतो.