नंबरचा गॉगल ही चैन नव्हे

उन्हात गॉगल घातला की वस्तीत "हिरो झालास काय?" अशी थट्टा होते. पण दिवसभर रिक्षा, टेम्पो किंवा होडी चालवणाऱ्या माणसाला चष्म्याचा नंबर असेल, तर नंबरचा गॉगल हे त्याच्या कामाचे साधन आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरण डोळ्यांवर पडले तर मोतीबिंदूचा आणि डोळ्यात मांस वाढण्याचा धोका वाढतो.

पोलराइज्ड काच पाण्यावरून आणि रस्त्यावरून येणारी चमक कमी करते. अतिनील किरण अडवते ते 'यूव्ही ४००' संरक्षण. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत शिरू शकतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी बरोबर नंबर आणि यूव्ही ४००, मग पोलराइज्ड.

घेतलेला गॉगल टिकवायलाही हवा. पोलराइज्ड थर काचेच्या पदरांमध्ये बसवलेला असतो. गाडीच्या डॅशबोर्डवर तापून तो कडेने सुटू शकतो. धुळीची काच शर्टाने कोरडी पुसली की ओरखडे पडतात. आधी साध्या पाण्याने धुवा, मग मऊ कापडाने पुसा. खारे पाणी लागले तर लगेच धुवा. काम झाले की डबीत ठेवा. रात्री गाडी चालवताना मात्र तो घालू नका.

घरखर्चात मोबाइलच्या रिचार्जला जागा असते. घर चालवणाऱ्या डोळ्यांनाही ती मिळालीच पाहिजे.