शाई विकणाऱ्याचा धंदा

माणसाची कातडी, कान, यकृत आता यंत्रावर छापता येते, अशी बातमी अधूनमधून येते. वाचणारा एक तर तोबा म्हणतो, नाही तर थाप समजून पान उलटतो. दोन्हीत घाई आहे. व्यापारी माणसाने अशा बातमीत एवढेच पाहावे की येथे कोण कोणाला काय विकतो आणि पैसा कोणाच्या खिशातून येतो.

यंत्राची करामत समजायला मेंदीचा कोन डोळ्यांसमोर आणावा. कोन दाबला की मेंदी सुटली पाहिजे, पण हातावर पडल्यावर ती पसरता कामा नये. फार पातळ झाली तर नक्षी बिघडते, फार घट्ट झाली तर कोन फाटतो. बायोप्रिंटर हा असाच एक कोन आहे. संगणक तो धरतो आणि थरावर थर टाकतो. फरक इतकाच की या मेंदीत जिवंत पेशी मिसळलेल्या असतात आणि कोनातून बाहेर पडताना त्या मरता कामा नयेत. या मिश्रणाला जैव-शाई म्हणतात. समुद्री शेवाळातून निघणारे अल्जिनेट त्यात असेल, तर वरून कॅल्शियमचे पाणी सोडतात. मग शाई जेलीसारखी धरून राहते. खरी अडचण यंत्रात कमी आणि या शाईत जास्त आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात 2016 साली एरिक गॅटेनहोम आणि हेक्टर मार्टिनेझ या दोन तरुणांनी हे ओळखले आणि सेलिंक नावाची कंपनी काढली. त्याआधी प्रत्येक प्रयोगशाळा आपली शाई आपणच घोटत असे. आजचा घाणा उद्याच्या घाण्याशी जुळत नसे आणि एकाचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येत नसे. एरिकचे वडील पॉल गॅटेनहोम चाल्मर्स विद्यापीठात प्राध्यापक होते आणि लाकडातील सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंवर त्यांचे काम होते. हे तंतू आणि शेवाळाचे अल्जिनेट मिळून तयार शाई झाली. ती नळीत भरून, दर वेळी एकाच गुणाची, कोणालाही विकायची, असा हा धंदा. चांगला प्रिंटर तेव्हा लाखांहून अधिक डॉलरला पडे. यांनी छोटे यंत्र दहा हजार डॉलरच्या आत दिले. माग स्वस्त दिला की सुताचे गिऱ्हाईक बांधले जाते, हे मालेगाव-भिवंडीच्या माणसाला सांगायला नको. शिवाय दुसऱ्याचा प्रिंटर असलेल्यालाही शाई नाकारली नाही, हे शहाणपण मोठे.

याच्या शेजारी अमेरिकेतील ऑर्गनोव्हो ही कंपनी ठेवून पाहावी. ती 2007 ची, म्हणजे वयाने मोठी. तिने तयार माल करण्याचा ध्यास घेतला. रोग्याच्या शरीरात बसवता येईल असा यकृताचा तुकडा तिला छापायचा होता. वर्षानुवर्षे पैसा ओतून 2019 मध्ये तिला तो कार्यक्रम थांबवावा लागला आणि माणसे कमी करावी लागली. शिवलेला कोट विकायला निघालेला अडकला. सुई-दोरा विकणाऱ्याकडे मात्र कोट शिवू पाहणारे सगळेच येत राहिले.

गिऱ्हाईक कोण, हेही नीट समजून घ्यावे. छापलेले हृदय किंवा मूत्रपिंड आजवर कोणत्याही माणसाला बसवलेले नाही. 2022 मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला बाहेरचा कान बसवण्यात आला, पण तो कूर्चेचा. मूत्रपिंड ही त्याहून फार गुंतागुंतीची चीज आहे. तेव्हा घरात डायलिसिसवर कोणी असेल, तर अशा बातमीवर भरवसा ठेवून उपचार लांबवू नयेत. आजचा पैसा येतो तो विद्यापीठांकडून आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने करणाऱ्या कारखान्यांकडून. त्यांना माल तपासायला कातडीचे, यकृताचे छोटे नमुने लागतात. युरोपात 2013 पासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने विकण्यास पूर्ण बंदी आहे. अमेरिकेने 2022 च्या अखेरीस औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि भारतानेही 2023 मध्ये नियम बदलून पेशींवरच्या चाचण्यांना वाट दिली. मागणी कायद्यातून येत आहे. अशी मागणी हवेतली नसते.

मग सेलिंकचे बिघडले कुठे? कंपनी निघाली त्याच वर्षी, नोव्हेंबर 2016 मध्ये, तिने शेअर बाजारात पाऊल टाकले आणि मागितलेल्या रकमेच्या दहापटीहून अधिक अर्ज आले. एवढा पैसा दारात उभा राहिला की शाई विकून पोट भरत नाही. कंपनी दुसऱ्या कंपन्या विकत घेत सुटली. 2020 मध्ये जर्मनीची सायेनियन 8 कोटी युरोला घेतली. 2021 मध्ये दीड अब्ज क्रोनरचे रोखे काढले, म्हणजे व्याजाचे कर्ज अंगावर घेतले. त्याच वर्षी कातडीचे नमुने बनवणारी अमेरिकेची जुनी मॅटटेक आणि व्हिसिकोल नावाची आणखी एक घेतली, आणि स्वतःचे नाव बदलून बायको केले. (मराठी कानाला हे नाव कसे लागते, याची स्वीडनला कल्पना नसावी.) मग पुढच्या दोन वर्षांत शेअरचा चार-पंचमांशाहून अधिक भाव झडला. 2023 मध्ये गॅटेनहोम मुख्य कार्यकारी पदावरून गेले. 2025 मध्ये मॅटटेक आणि व्हिसिकोल या दोन्ही मिळून 8 कोटी डॉलरला विकाव्या लागल्या. शाई खोटी नव्हती, गिऱ्हाईकही खोटे नव्हते. दुकान चालत असताना दुसऱ्याच्या पैशाने अख्खा बाजार घेण्याची हाव नडली.

आता आपल्या बांधवांच्या कामाची गोष्ट. लाकूड आणि शेवाळ यांची शाई सर्वच पेशींना मानवत नाही. पेशींना धरायला आवडते ते कोलॅजन आणि त्यापासून होणारे जिलेटिन, म्हणजे कातडी आणि हाडे यांतला माल. प्रयोगशाळांत जाणारे बरेचसे जिलेटिन डुकराच्या कातडीचे असते. कोलॅजन बहुधा गुरांच्या कातडीचे, काही वेळा उंदराच्या शेपटीचे. उपचारात काय चालते आणि काय नाही, तो प्रश्न उलेमांचा, या पानाचा नव्हे. पण व्यापाराचा प्रश्न उरतोच. उद्या कान किंवा कातडी खरोखर बसवायची वेळ आली, तर मुस्लिम रुग्ण पहिल्यांदा विचारेल की हे कशाचे आहे? आणि त्याला लेखी उत्तर देऊ शकणारा विक्रेता लागेल.

म्हशीची कातडी, बकऱ्याची चामडी, हाडे यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांच्या हातात आहे. मीठ लावायचे, वजन करायचे, दलालाच्या भावाने द्यायचे, येथे आपला हिशेब संपतो. तो माल पुढे काय होतो, याची विचारपूस आपण करीत नाही. आइसलँडमध्ये केरेसिस नावाच्या कंपनीने कॉड माशाची कातडी स्वच्छ करून जखमेवर लावण्याचे औषधी सामान केले आणि 2023 मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी सव्वा अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. मासे साफ करताना उरणारी कातडी होती ती!

मात्र कोणी लगेच कर्ज काढून कारखाना उभारू नये. शाईचा खप ट्रकने मोजायचा नसतो, ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये मोजायचा असतो. औषधी दर्जाच्या मालाला जनावर कोणते, कोठले, कधी कापले, काय रोग होता, याची नोंद लागते आणि प्रत्येक घाण्याची तपासणी लागते. यंत्रापेक्षा वहीचा खर्च मोठा. आपल्याकडे वही ठेवण्याचा कंटाळा जुना आहे, आणि या धंद्यात तो पहिल्याच दिवशी मारतो.

दूर स्वीडनला जाण्याचीही गरज नाही. बंगळुरूच्या पँडोरम कंपनीने 2015 मध्ये यकृताच्या ऊतीचे नमुने छापल्याचे जाहीर केले. 2022 मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी माणसाच्याच डोळ्यांतील सामग्रीपासून कॉर्निया छापून सशाला बसवला. बंगळुरूच्याच आवे बायोसायन्सेसने बनवलेले प्रिंटर गोव्याच्या बिट्स पिलानीत आणि मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीत, पोहोचले आहेत. ज्यांचा मुलगा रसायनशास्त्र शिकत आहे आणि घरात कातडीचा धंदा आहे, अशा बापाने त्याला एक दिवस माटुंग्याला पाठवावे. प्रिंटर पाहायला नव्हे. तेथे जिलेटिन कोणते वापरतात, कोण पुरवतो, ग्रॅमला काय भाव पडतो आणि ते कशाचे आहे याचा कागद सोबत येतो का, एवढे विचारून यावे.