चिकलठाण्याच्या खताला भाव कधी मिळणार?

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिला येणारा खर्च याच्या कितीतरी पट असतो. वरची रक्कम सरकार अनुदान म्हणून भरते. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. स्फुरद-पालाशची खते महागली, युरिया जागच्या जागी राहिला. शेतकऱ्याचा हात तिकडेच वळला, यात त्याला दोष देता येणार नाही. पण म्हणूनच ‘सेंद्रिय शेती परवडत नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. एका बाजूचे बिल सरकार भरते आणि दुसऱ्या बाजूचे शेतकरी, तर तुलना होणार कशी?

हा प्रश्न आपल्या दाराशी, चिकलठाण्यात उभा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षे धूर आणि दुर्गंधी सोसलेल्या माणसांचा तो संताप होता. मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ झाली. त्या कचराकोंडीनंतर चिकलठाण्यात दिवसाला १५० टन क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. ओल्या कचऱ्याचे तिथे कंपोस्ट होते. फुलंब्री-पैठणच्या शेतातून शहरात आलेला भाजीपाला खत होऊन पुन्हा मातीत जावा, यापेक्षा रास्त व्यवहार कोणता?

आता हिशेब. युरियाच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किमान ०.८ टक्के नत्र हवे. म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी अडीच टनांहून जास्त कंपोस्ट लागेल. वाहतूक आणि शेतात पसरण्याची मजुरी वेगळी. नत्राच्या तराजूत कंपोस्ट हरणारच. पण त्यात किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब असतो आणि युरियात मातीला धरून ठेवणारे काहीच नसते. पावसाने ओढ दिली की कर्बाची किंमत मराठवाड्याला कळते.

आरोग्याचेही तसेच. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढचे पाणी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवू शकते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात राज्यातले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने या मर्यादेबाहेर होते, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत बीड आणि नांदेड आहेत. या नायट्रेटला सांडपाणीही कारण आहे, एकटे खत नव्हे.

मात्र ‘सेंद्रिय’ म्हटले की निर्धोक, असेही कुणी समजू नये. ओल्या कचऱ्यात बॅटरीचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे गेले, तर शिसे, कॅडमियम आणि पारा खतातून थेट आल्याच्या वाफ्यात उतरतो. शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, कॅडमियमची ५. सिडकोतल्या स्वयंपाकघरात कचरा वेगळा झाला नाही, तर त्याचे मोल खुलताबादचा शेतकरी चुकवेल.

माझी मागणी साधी आहे. महापालिकेने चिकलठाण्याच्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मराठीत, गोणीवर छापावा. केंद्राने २०१६ साली शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य दिले होते, ते पुढे बंद झाले. राज्याने निदान बांधापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च उचलावा. शेतकऱ्यांनीही सगळे शिवार एकदम सेंद्रिय करू नये. माती तपासून घ्या, एका एकरात पेरणीआधी अहवाल पाहिलेले कंपोस्ट किंवा कुजलेले शेणखत मिसळा, तिथे युरियाची एक गोणी कमी टाका, आणि उतारा शेजारच्या एकराशी ताडून पाहा.