जोड कोणाशी लागली?



मुष्टियोद्धा निखत झरीनचे नाव जेवढे मोठे झाले, तेवढी ती खरोखर मोठी आहे का? पॅरिस ऑलिम्पिक झाल्यापासून हा वाद थांबलेला नाही. दोनदा जगज्जेती, पण ऑलिम्पिकचे पदक नाही. मग एवढा गाजावाजा कशाला, असे विचारणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. आमच्या अंकाने यात पडावे, कारण निखत शेजारच्या निजामाबादची. १९५६ पर्यंत निजामाबाद, बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी एकट्या बीदर जिल्ह्याच्याच तीन वाटण्या झाल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे, आजच्या कर्नाटकात, राहिले. सरहद्दी पडल्या, तरी निजामाबादची पोर आम्हाला परकी वाटत नाही.

तिच्यावरचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत तिने ५० किलो गटात दुसरे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा मैदान घरचे होते. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना त्यांच्या झेंड्याखाली उतरू दिले म्हणून अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड असे कितीतरी देश त्या स्पर्धेला आलेच नव्हते. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ती उपांत्य फेरीत हरली आणि कांस्यपदकावर थांबली. पॅरिसमध्ये तर दुसऱ्याच लढतीत पाचही पंचांनी तिच्या विरुद्ध कौल दिला.

पण आपल्या भागात पैलवानाची किंमत कशी ठरते, ते आठवून पाहा. भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या जत्रांत हलगी वाजते, पोरासोरांच्या नारळाच्या कुस्त्या होतात, उन्हे कलल्यावर मोठ्या जोड्या लागतात. फडाभोवती बसलेली म्हातारी माणसे किती कुस्त्या मारल्या हे उशिरा विचारतात. आधी विचारतात, जोड कोणाशी लागली? हलकी जोड बघून वर्षभर नारळ जमवणारा पैलवान त्यांच्या लेखी मोठा होत नाही. तोडीस तोड गड्याशी भिडून पाठ टेकलेला मात्र त्यांच्या लक्षात राहतो.

हीच कसोटी निखतला लावू या. पॅरिसमध्ये तिला मानांकन नव्हते. त्यामुळे जर्मनीच्या माक्सी क्लोत्सरला हरवल्याबरोबर तिची गाठ चीनच्या वू यूशी पडली. वू यू गटातली अव्वल मानांकित, ५२ किलोतली जगज्जेती. पुढे ५० किलोचे सुवर्णपदकही तिनेच नेले. म्हणजे निखत जिच्याकडून हरली, तिला त्या स्पर्धेत कोणीच हरवू शकले नाही. पराभव तो पराभवच, आणि एकतर्फीच होता. तरीही हीच लढत सोडतीत अंतिम फेरीला आली असती, तर याच निकालावर तिच्या गळ्यात रौप्यपदक पडू शकले असते, आणि आज शंका घेणाऱ्यांनीच हार आणले असते.

दिल्लीच्या विजेतेपदाला आम्ही थोडे कमी वजन देतो. मे २०२२ मधल्या इस्तंबूलच्या विजेतेपदाला देत नाही. तिथे तिने ५२ किलोच्या अंतिम लढतीत थायलंडच्या जितपाँग जुतामासला ५-० ने हरवले, तेही परक्या मैदानात आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे मागे पडलेली असताना.

आणि आमच्या मते तिची सगळ्यात मोठी लढत ती हरलेली आहे. २०१९ मध्ये ऑलिम्पिक पात्रतेसाठी मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवण्याचे घाटत होते. मेरी म्हणजे सहा वेळा जगज्जेती आणि लंडन ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती. तिच्याविरुद्ध ब्र काढणे म्हणजे देशभरचा रोष ओढवून घेणे. निखतने क्रीडामंत्र्यांना उघड पत्र लिहून एवढेच मागितले की चाचणी सगळ्यांची व्हावी. २८ डिसेंबरला दिल्लीत चाचणी झाली आणि ती ९-१ अशी सडकून हरली. तेविशीतल्या मुलीची ही नाचक्की अनेकांनी चवीने चघळली. पण जोड मागून घेतली होती तिनेच, आणि ती हलकी नव्हती. अडीच वर्षांच्या आत ती जगज्जेती झाली.

मुष्टियुद्धात अपराजित राहण्याचे फार कौतुक होते. रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला. मोहम्मद अली पाच वेळा हरला. तरी लिस्टन, फ्रेझर, फोरमन यांच्याशी भिडलेल्या अलीलाच बहुतेक जाणकार वर बसवतात, आणि आमच्या मते बरोबर करतात.

निखत महान आहे असे आम्ही आज म्हणणार नाही. ऑलिम्पिकचे पदक नसणे ही तिच्या खात्यातली उणीव आहे, आणि ती आमच्या प्रेमाने भरून निघणार नाही. पण मिळालेले नाव तिने कष्टाने कमावले आहे, जाहिरातींनी ते वाढवले असेल, दिलेले नाही. आमचे हे मत ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहावे. मात्र लिहिताना पदकांची बेरीज पाठवू नये. कोणत्या लढतीत ती कमी पडली आणि समोर कोण होते, ते लिहावे. नेटके पत्र आले, तर पुढच्या अंकात आमच्या संपादकीयाच्या शेजारीच छापू.