बॅकअपला स्वतःची वायर द्या!

प्रोजेक्टचा सगळा डेटा लॅबच्या नॅसवर टाकून निर्धास्त झोपणारे आपल्यात बरेच आहेत. का, तर "रोज रात्री बॅकअप होतो ना!"

होतो म्हणजे सुरू होतो. संपतो का, हे कोणी विचारत नाही. हिशेब करून बघा. गिगाबिट लिंक म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट, हातात पडतात साधारण ११०. या वेगाने ४ टेराबाइटच्या पूर्ण बॅकअपला दहा तास हवेत, तेही वायर मोकळी असेल तर! केबलमधली एखादी जोडी तुटली की लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि तेच काम चार दिवसांचं होतं.

इकडे सकाळी प्रॅक्टिकल सुरू. सगळी मशीन्स त्याच नॅसकडे, त्याच वायरवरून फाइल्स मागतात. सगळं रांगायला लागतं, आरडाओरडा होतो आणि लॅबमधले मामा बॅकअपचा जॉब रद्द करतात. मामांचं काही चुकत नाही हो. दोघांना एकाच दारातून काढल्यावर कोणीतरी अडणारच.

गंमत म्हणजे आपल्या नॅसच्या मागे दोन नेटवर्क पोर्ट आहेत. दुसऱ्यात अजून प्लास्टिकचं बूच आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो पोर्ट बॅकअपला द्या.

यावर होस्टेलवरचं ठरलेलं उत्तर येतं: "त्यापेक्षा बाँडिंग कर, स्पीड डबल!" नाही होत राजा. पॅकेट्सचा क्रम बिघडू नये म्हणून एलएसीपी एक कनेक्शन एकाच वायरवरून पाठवतं. पन्नास जणांची पन्नास कनेक्शन्स दोन वायरींवर वाटली जातील, पण बॅकअप जॉबचं बहुधा एकच मोठं कनेक्शन असतं. त्याला दुसऱ्या वायरचा उपयोग शून्य, आणि गर्दीत तो उभाच!

त्यामुळे वेगळा पोर्ट, आणि तोही वेगळ्या सबनेटमध्ये. हे महत्त्वाचं आहे. दोन्ही पोर्टना १९२.१६८.१० मधलेच पत्ते दिले, तर उत्तर कोणत्या पोर्टने पाठवायचं हे नॅस स्वतःच्या राउटिंग टेबलवरून ठरवतो, आपल्याला विचारून नाही. म्हणून लॅबला १९२.१६८.१० ठेवा, बॅकअपला १९२.१६८.५० द्या. डिफॉल्ट गेटवे फक्त लॅबच्या पोर्टवर. आणि हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे बॅकअपच्या जॉबमध्ये नॅसचा ५० वाला पत्ता टाकणे. जुनंच नाव राहिलं तर सगळी वाहतूक जुन्याच वायरने जाणार आणि नवी वायर शोभेला.

जंबो फ्रेम्सचा मोह मात्र आवरा. एमटीयू ९००० करायचा तर नॅस, स्विच आणि सर्व्हर तिन्हीकडे करावा लागतो. एक जरी १५०० वर राहिला, तर साधा पिंग जातो, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल अडकून बसू शकते. करायचंच असेल तर फ्रॅगमेंट न करता ८९७२ बाइटचा पिंग पाठवून खात्री करा (आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ बाइट वजा). माझं मत, आधी १५०० वरच चालवा.

वेगापलीकडे आणखी एक फायदा आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय एसएमबीच्या ४४५ पोर्टमधून नेटवर्कभर पसरला. आपल्या लॅबमध्ये पेनड्राइव्हची काय जत्रा असते ते मी सांगायला नको. बॅकअप सर्व्हरची लॅबकडची वायर काढून तो फक्त ५० मध्ये ठेवला, तर लॅबच्या मशीनवरून त्याच्यापर्यंत थेट रस्ताच उरत नाही. अर्थात नॅसवरच्या खराब झालेल्या फाइल्स बॅकअपमध्येही उतरतील, म्हणून जुन्या आवृत्त्या काही आठवडे ठेवायलाच हव्यात.

खर्च? एक आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, सर्व्हरला नेटवर्क कार्ड नसेल तर ते, दोन केबल आणि एक दुपार. फेस्टिव्हलच्या फ्लेक्सवर आपण यापेक्षा जास्त उडवतो!

सीएनच्या पेपरात आपण सबनेट मास्क पाठ करून लिहितो, पण खऱ्या इंटरफेसला हात लावायला मिळत नाही. सरांना विनंती आहे की टीईच्या एका बॅचला हेच प्रॅक्टिकल द्या. शेवटी बॅकअपमधून एक फोल्डर परत आणून, उघडून दाखवायचं, मगच जर्नलवर सही. सबमिशनच्या आधीचा एखादा रविवार चालेल. पासवर्ड मामांकडेच राहू द्या, टाइप तेच करतील.